खालच्या कोपऱ्याचं पाणी

मुरूड,
११ नोव्हेंबर २०२४

चि. मधुवंतीस आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तुझा मुलगा सलिल माझं ऐकून घेत नाही, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. शनिवारी दुपारी तुमच्याकडून टेंपो आला आणि विजेवर चालणारी एक चारचाकी स्कूटर माझ्या अंगणात उतरवून निघून गेला. मी ती मागितलेली नाही. परत न्या.

ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी ही असते, असं टेंपोवाल्याने मला समजावून सांगितलं. मला चालता येतं. खुब्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली. वॉकर धरून मी एका दमात चाळीस पावलं टाकते, बसते, पुन्हा चाळीस टाकते. घरात तेवढं पुरतं. वाडीत उतरणं होत नाही हे खरं, पण वाडी पडवीतून दिसते, आणि शिंपणं येसाजी बघतो.

गाडी लाल आहे. हात टेकायला दोन दांडे, पुढे टोपली. वेगाच्या बटणाच्या एका बाजूला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला सशाचं. एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवलेल्या बाईला तुम्ही हे पाठवता. येसाजीची सून पूनम भांडी घासायला आली होती. ती म्हणाली, "बाई, गनपतीच्या आराशीतली वाटते." मी तिला हसू नको म्हटलं. मग मलाही हसू आलं, पण म्हणून माझं मत बदललेलं नाही.

गाडीवर जुनी चादर टाकून ठेवली आहे. टेंपो कधी पाठवता ते कळव.

पद्मा

०

उरण,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. पद्मावहिनींना सा. न.

पत्र मिळालं. गाडी परत नेणार नाही. त्याचं कारण सलिलने तुम्हाला सांगितलं नाही, कारण मीच त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. आता मीच सांगते.

दादाच्या मागे वाडी तुमच्या-माझ्या नावावर आहे. शेजारच्या वाडीत रिसॉर्ट झालं, त्याचे मालक सलिलच्या न्हावा शेव्याच्या ऑफिसात दोनदा येऊन गेले. त्यांना आपली वाडी लांबच्या कराराने हवी आहे. खालच्या अंगाची झाडं काढून तिथे पोहायचा तलाव करायचा आहे. सलिल म्हणतो, मामी दोन वर्षं वाडीत उतरलेल्या नाहीत, वाडी गड्याच्या भरवशावर आहे, मे महिन्यात देऊन टाकू आणि मामींना इकडे आणू. तो वाईट मनाने म्हणत नाही, वहिनी. तुम्ही पडलात तेव्हा दोन तास विहिरीजवळ एकट्या पडून होतात, ते त्याच्या मनातून जात नाही.

मी त्याला म्हटलं, वहिनी स्वतः वाडीत फिरत आहेत तोवर मी सही करणार नाही. त्याने ते कबूल केलं. मेपर्यंत बघू म्हणाला. म्हणून ही गाडी आहे. तुम्हाला ती आवडो न आवडो, रोज वाडीत जा.

खालच्या कोपऱ्यात दादाने शेवटच्या पावसाळ्यात लावलेली साठ पोफळीची रोपं आहेत, ती कशी आहेत तेही कळवा. मला आता बोलायला तुम्हीच उरलात आणि तेही कागदावर. कानात यंत्र घातलं की रस्त्यावरचे सगळे ट्रेलर ऐकू येतात, माणूस तेवढा ऐकू येत नाही.

तुमची,
मधू

०

मुरूड,
९ डिसेंबर २०२४

चि. मधुवंतीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस राग आला. तुम्ही मायलेकांनी माझी परीक्षा लावलीत आणि ती मला सांगितलीही नाहीत. तिसऱ्या दिवशी चादर काढली.

पहिल्या दिवशी मी चिकूच्या आळ्यात गेले. पूनमने मागून धरून बाहेर काढलं आणि म्हणाली, "कासवावर ठेवा, बाई. ससा आपल्या कामाचा न्हाय." आता मला व्यवस्थित जमतं. अंगठ्याखालची पट्टी दाबली की गाडी चालते, सोडली की थांबते. यंत्र म्हणून बरं आहे.

वाडीत ती कुठून न्यायची हा प्रश्न होता. झाडांमधून आळी आणि खळगे. पण मोठ्या पाटाची कड आहे. दसऱ्यानंतर येसाजी दर वर्षी पाट नवा करतो, कडेला ओली माती घालतो आणि लाकडी चोपण्याने बडवून बसवतो. विहिरीपासून थेट खालच्या फणसापर्यंत दोन हात रुंद, सिमेंटसारखी सपाट कड. जणू या गाडीसाठीच केलेली. तिच्यावरून मी सकाळी सातला खाली जाते आणि वर येते, संध्याकाळी पाचला पुन्हा.

पडवीतून दोन वर्षं मला फक्त शेंडे दिसत होते. बुंधे मी विसरले होते. मिरीचा वेल आंब्यावर कुठवर चढला आहे, शेकरूने कोणते नारळ पोखरले आहेत, हे आता मी स्वतः बघते. रोपं माझ्या कमरेएवढी झाली आहेत. परवा मी त्यांच्याजवळ अर्धा तास नुसती बसून होते. हे सलिलला सांगायची गरज नाही.

येसाजीला पंधरा सूचना दिल्या. बावीस वर्षं तो आपल्याकडे आहे आणि त्याआधी माझ्या वर्गात होता. दोन्हीकडे ऐकून घ्यायची सवय आहे त्याला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, मग नुसतं "बरं, बाई" म्हणाला.

हे पत्र मी स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे. तुला आलेलं पहिलं पत्र पूनमने टाकलं होतं.

पद्मा

०

उरण,
३ जानेवारी २०२५

ती. वहिनींना सा. न.

तुमचं पत्र सलिलला वाचून दाखवलं, तुम्ही नको म्हटलेला भाग धरून. त्याने पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाला, मामींना सांग, चार्जर दवात ठेवू नका. म्हणजे त्याचा विरोध मावळतो आहे असं मी समजते. रिसॉर्टवाल्यांनाही त्याने मेनंतर बोलू असं कळवलं आहे.

तुम्ही दिवसातून दोनदा फिरता हे ऐकून मी इथे गॅलरीत चार फेऱ्या मारल्या. माझे गुडघे तुमच्या खुब्याचे धाकटे भाऊ आहेत.

रोपांजवळ बसलात तेव्हा दादाची आठवण झाली असेल. ती जगली की मग मला कशाची काळजी नाही.

मधू

०

मुरूड,
१० फेब्रुवारी २०२५

चि. मधुवंतीस आशीर्वाद.

वाईट बातमी आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहिते.

खालच्या कोपऱ्यातली रोपं वाळत आहेत. महिनाभर पानं पिवळी पडत होती. मला वाटलं थंडीने असेल. गेल्या आठवड्यात मधला कोंब ओढून बघितला तर हातात आला. आळी कोरडी ठणठणीत. वरच्या झाडांना पाणी आहे, खालच्यांना नाही. पंप पूर्वीइतकाच, तीन तास चालतो. वीज जाते आहे असंही नाही. मग पाणी जातं कुठे?

मी येसाजीला विचारलं. पूनम तिथे होती, नारळ पाडायला आलेला निकेशही होता. येसाजी म्हणाला, "पानी मी तेवढंच सोडतंय, बाई. खाली पोचत न्हाय." मी म्हटलं, पोचत नाही म्हणजे काय, पाणी उताराने वाहतं हे मी तुला सहावीत शिकवलं आहे. तू पाटाचं दार फिरवून पाणी वळवायला शेवटपर्यंत जात नाहीस. मग मी आणखी एक वाक्य बोलले: "दोन वर्षं बघायला कोणी नव्हतं, आता आहे, एवढाच फरक."

त्याने फावडं खाली ठेवलं. मग डोक्याचं फडकं सोडलं, पाटात पाय धुतले आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. पूनमही आली नाही. मी बोलावणं पाठवलेलं नाही.

सध्या निकेश शिंपतो. त्याला पाटाची सवय नाही, पण माणूस खोटं बोलत नाही. तो आल्यापासूनही पाणी खाली जात नाही, याचं कारण तो नवखा आहे असं मी धरते. आतापर्यंत अकरा रोपं गेली.

सलिलला सांगायचं की नाही ते तू ठरव.

पद्मा

०

उरण,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनींना सा. न.

सलिलला सांगितलं. लपवणं मला जमत नाही. तो म्हणाला, झालं तर, मामी रोज फिरूनही वाडी वाळते आहे, गडीही गेला. त्याने रिसॉर्टवाल्यांना एप्रिलमध्ये येऊन वाडी बघायला सांगितलं आहे. मी त्याच्याशी भांडले.

येसाजीचं मला नवल वाटतं. दादा आजारी असताना तो स्वतःच्या भाताच्या झोडणीला गेला नव्हता, आपल्या पाटावर बसला होता. असा माणूस पाण्याच्या कामात चुकारपणा करेल का? तुम्ही तिथे आहात, तुम्हाला जास्त कळतं.

मला दोन दिवस आपली वाडीच डोळ्यांपुढे दिसते. लहानपणी आम्हाला तिथे सगळीकडे हुंदडायला मुभा होती, फक्त पाटाच्या कडेवर पाऊल ठेवायची बंदी. आम्ही आळ्यांमधून उड्या मारत खाली जायचो. एकदा दादा नारळाची करवंटी पाटात सोडून कडेवरून तिच्याबरोबर धावत गेला, तर आबांनी स्वतःच्या मुलाला चार दिवस माती कालवायला लावली होती. ते म्हणायचे, कड एका माणसाच्या पायाची, शिंपणाऱ्याच्या. तोही अनवाणी चालायचा. तुमचं लग्न होऊन तुम्ही आलात तेव्हा शाळा आणि घर यातच तुमचा दिवस जायचा, म्हणून तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल. कड मोडली तर काय होतं ते मला आता आठवतही नाही, पण आबांचा आवाज आठवतो.

रोपं किती उरली ते कळवा.

मधू

०

मुरूड,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. मधुवंतीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, मी ते वाचलं, आणि गाडी न घेता वाडीत गेले. वॉकर घेतला. निकेशला स्टूल घेऊन पुढे चालायला सांगितलं. चाळीस पावलं, बसणं, चाळीस पावलं. फणसापर्यंत पोचायला सव्वा तास लागला. या वेळी मी झाडं बघितली नाहीत, खाली बघितलं.

पाटाच्या कडेवर दोन सरळ चरे पडले आहेत, विहिरीपासून फणसापर्यंत. माझ्या चाकांचे. गाडीचं वजन साठ किलो, माझं एकाहत्तर. दिवसातून चार वेळा, तीन महिने. कड आतल्या बाजूला कलली आहे आणि मातीला भेगा गेल्या आहेत. तेरा ठिकाणी पाणी कडेच्या खालून डावीकडच्या खळग्यात उतरतं. तिथे भर फेब्रुवारीत कर्दळ छातीएवढी वाढली आहे. मी ती गाडीवरून रोज बघत होते आणि मला ती छान वाटत होती.

आणखी एक बघितलं. त्या तेरापैकी नऊ जागी ओली माती लावून कड सांधलेली होती. एकदा नव्हे, थरावर थर. वाळलेल्या मातीत बोटं उमटली होती. निकेशला विचारलं, हे तुझं काम का? तो नाही म्हणाला.

जमिनीची धूप मी एकतीस वर्षं फळ्यावर काढून दाखवली. स्वतःच्या वाडीत ओळखली नाही.

तिथून परत येऊन गाडीत बसले आणि रस्त्याने येसाजीच्या घरी गेले. एक किलोमीटर आहे. सशावर ठेवली होती. येसाजी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसला होता. पूनम मला बघून आत गेली. बसून माफी मागणं मला बरं दिसेना, म्हणून हँडल धरून उभी राहिले आणि म्हटलं, पाणी तू सोडत होतास. कड मी मोडली. मी चारचौघांत तुला जे बोलले ते खोटं होतं, आणि हे मी निकेशलाही सांगितलं आहे.

तो गडबडून उठला, मला खाली बसा म्हणाला. मी बसले नाही. विचारलं, तुला माहीत होतं ना?

"व्हय."

"कधीपासून?"

"पयल्या आठवड्यापासून. तुमी सात वाजता यायच्या, मी पाचला येऊन कड लिंपायचो. पौषात सूनबाईचा बाप आजारी पडला, मग रोज जमला न्हाय."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? मी काय तुला खाल्लं असतं? तो शेंगांकडे बघत म्हणाला, "दोन वरसांनी तुमी वाडीत आल्या, बाई. रोपांजवळ बसल्या. तुमाला कसा सांगू, येऊ नका म्हनून?"

आतून पूनमचा आवाज आला, "मी बोलले होते ह्यांना, सांगा म्हनून. बाई मारतील पन ऐकतील." ते खरं आहे. मी ऐकलं असतं. पण त्याला तसं वाटावं असं मी बावीस वर्षांत काही केलं नाही, हेही खरं आहे.

आता मुद्द्याचं. येसाजी परत यायला तयार आहे. त्याने एकच सांगितलं: पाटावर गाडी नाही. ते बरोबर आहे. म्हणजे मी रोज वाडीत फिरू शकत नाही. दुसरी वाट करायची तर भरल्या पोफळींची एक ओळ तोडावी लागेल, ते मी करणार नाही. तुझी अट मोडली. तेव्हा मी तुला स्पष्ट विचारते: वाडी येसाजीला अर्धेलीने देऊ. अर्धं उत्पन्न त्याचं, अर्धं आपल्या दोघींचं, आणि झाडाबद्दल, पाण्याबद्दल शेवटचा शब्द त्याचा, माझा नाही. त्याला मी अजून विचारलेलं नाही, कारण अर्धी सही तुझी आहे.

तू नाही म्हणालीस तर मी वाद घालणार नाही. तुझ्या उत्तरापर्यंत कपाट आवरायला घेते. उरणला यायचं झालं तर पुस्तकं किती आणू तेवढं कळव.

रोपं एक्केचाळीस उरली.

पद्मा

०

उरण,
८ मार्च २०२५

ती. वहिनींना सा. न.

कपाट आवरू नका.

सलिलशी बोलले. तो म्हणाला, आई, कूळ लागेल, मग वाडी आपली राहणार नाही. ही भीती खोटी नाही. म्हणून त्याने वकिलाकडून कागद करून घेतला आहे, तो सोबत पाठवते. माझी सही आहे. सलिल म्हणाला, तुम्ही दोघी वेड्या आहात. आणि मग स्वतःच झेरॉक्स काढून आणल्या. रिसॉर्टवाल्यांना एप्रिलमध्ये येऊ नका म्हणून कळवलं.

अट मी चुकीची घातली होती, वहिनी. मालकीण वाडीत फिरते का, एवढंच मी विचारलं. पाणी खाली कोण पोचवतं, हे विचारायला हवं होतं.

तुम्ही इतकं खरं लिहिलंत, तर माझंही एक ऐका. ती गाडी सलिलने माझ्यासाठी आणली होती. माझे गुडघे तुम्हाला सांगितले त्यापेक्षा वाईट आहेत. एकदा मी तिच्यावर बसून भाजीवाल्यापर्यंत गेले. मागे चाळीस फुटी ट्रेलर हॉर्न वाजवत थांबला, आणि सोसायटीतल्या बायका गॅलऱ्यांमधून बघत होत्या. ऐकू काही आलं नाही, पण दिसलं. पुन्हा बसले नाही. दोन महिने ती जिन्याखाली होती. मग मला तुमचं निमित्त मिळालं. म्हणजे गाडीला नाही म्हणणाऱ्या तुम्ही दुसऱ्या, पहिली मी.

तुमची,
मधू

०

मुरूड,
३१ मार्च २०२५

चि. मधुवंतीस आशीर्वाद.

कागद मिळाला. मी सही केली. येसाजीला वाचून दाखवला. शेवटच्या शब्दाच्या कलमाशी तो थांबला आणि म्हणाला, हे नको, तुमी सांगाल तसं करीन. मी म्हटलं, तेच तर झालं. मग त्याने अंगठा न लावता पूर्ण नाव लिहिलं. अक्षर अजून चांगलं आहे.

पूनम परत कामाला येते. पहिल्या दिवशी तिने भांडी मुद्दाम आपटली, दुसऱ्या दिवसापासून नाही.

तू जे लपवलंस त्याबद्दल मी रागावणार होते. पण गाडीवर चादर टाकणारी मीही होते. सडकेला ती चांगली चालते. मी रोज पोस्टापर्यंत, मंगळवारी आणि शुक्रवारी वाचनालयात जाते. इथे ट्रेलर नाहीत आणि बघणाऱ्यांना मी शिकवलेलं आहे, त्यामुळे कोणी हसत नाही. मे महिन्यात तू इकडे ये. सलिलला म्हणावं, आगरदांड्याच्या रस्त्याला संध्याकाळी रहदारी नसते. सकाळी मी, संध्याकाळी तू. वाडीत तुला येसाजी नेईल, हात धरून, आळ्यांमधून. मला त्याने पाडव्याला नेलं. वीस पावलांवर स्टूल ठेवायला लावलं आणि चाळीस टाकते म्हटलं तर ऐकलं नाही.

वाडी काल रीतसर सोपवली. नोंद दोन प्रतींत केली आहे. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. तुझ्यासाठी उतरवून पाठवते.

पद्मा

नोंद. रविवार, ३० मार्च २०२५, गुढीपाडवा, सकाळी साडेनऊ, विहिरीजवळ.

सोपवणार: पद्मा, स्वतःसाठी आणि मधुवंतीसाठी. स्वीकारणार: येसाजी. साक्षीदार: पूनम.

पंपघराच्या चाव्या दोन. कोयते तीन, पैकी एकाची मूठ सैल. फावडी दोन. चोपणं एक. रबरी नळी, चाळीस हात, मध्ये एक जोड. माझे यजमान कै. मार्तंड यांची शिंपण्याची वही, १९८८ पासून त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत. पुढची पानं कोरी. मोठा पाट, दोन्ही कडा नव्याने चोपलेल्या, पाणी फणसापर्यंत पोचताना तिघांनी बघितलं. नारळ बहात्तर. जुन्या पोफळी तीनशे बारा. खालच्या कोपऱ्यातली जिवंत रोपं एक्केचाळीस.

मेलेली लिहू नका असं येसाजी म्हणाला. लिहिली आहेत: एकोणीस. ती त्याच्याकडे दिलेली नाहीत. ती माझ्या नावावर आहेत.